वऱ्हाडातलं मोठं चाक : बंडी, जीप आणि थार

अमरावतीच्या पंचवटी चौकात किंवा अकोल्यात नेहरू पार्कजवळ संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा. एखादी तरी थार अशी दिसेल, जिचे टायर मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेले असतात. कंपनीनं दिलेली चाकं काढून तिथं मोठी, रुंद, खोल खाचांची चाकं बसवलेली असतात. माझ्या वर्गातल्या पोरांना या टायरचे आकार पाढ्यांपेक्षा चांगले पाठ आहेत. त्यांना वाटतं, हा शौक मोबाईलवरच्या रीलमधून आला. मी भाषेचा मास्तर, मोटारीतला जाणकार नव्हे. पण वऱ्हाडात चाक बदलण्याचा इतिहास मोबाईलपेक्षा बराच जुना आहे, आणि तो आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजांपर्यंत येऊन पोचतो, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात चाक नसण्यापासून करावी लागते. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस चाकांवर फारसा चढतच नसे. तो बैलाच्या पाठीवर लादून मिर्झापूरकडे जाई. इंपिरियल गॅझेटियरच्या अमरावतीवरच्या नोंदीत म्हटलं आहे की १८४२ मध्ये एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याच्या वाटेनं पाठवला. एक लाख बैल! गाडीत तोच माल कितीतरी कमी जनावरांनी ओढला असता. पण गाडीला रस्ता लागतो, आणि काळ्या मातीत रस्ता म्हणजे आठ महिन्यांची चैन. पाऊस पडला की ही माती फुगते, चाकाला चिकटते, चाकाचाच गोळा होतो. आमच्याकडे या चिखलाला गारा म्हणतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, ही माती इतकी खोल आहे की चाक रुतलं तर खाली टणक थर लागेल या आशेत अर्थ नसतो.

तिकडे पुणे-सोलापूरच्या पट्ट्यात गाड्या होत्या, पण त्यांची चाकं भरीव, जड आणि बुटकी. अशी गाडी हलवायला बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपाव्या लागत. १८३० च्या दशकात इंदापूरकडे जमीनमोजणी सुरू झाली, तेव्हा त्या कामावरच्या लेफ्टनंट गेसफर्ड यांनी टेंभुर्णीला गाड्या बांधण्याचा कारखाना काढला आणि हलकी, एका बैलजोडीला ओढता येईल अशी गाडी आणली. चाक हलकं केलं की बैल वाचतात, हा धडा आपल्या मुलखात असा लिहून ठेवलेला सापडतो.

वऱ्हाडच्या बंडीचं चाकही याच तर्कानं उंच असतं. चाकाचा घेर जितका मोठा, तितकं ते खड्ड्यात कमी उतरतं आणि कडेवर सहज चढतं. बाभळीचं लाकूड, आरे, मधला तुंबा, आणि या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी पट्टी. सुतार चाक बांधायचा, लोहार ती पट्टी गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की चाक बांधलं गेलं. मराठीत त्या पट्टीला धाव म्हणतात आणि हिंदी-उर्दूत हाल. दोन्ही शब्दांना दुसरा अर्थ आहेच, त्यामुळे हा तास पोरांना आवडतो. पण धाव अरुंद असते. ती कच्चा रस्ता सुरीसारखी कापते आणि ओल्या जमिनीत खाली जाते. पुढे डनलॉपसारख्या कंपन्यांनी बैलगाडीसाठी हवेचा टायर आणला. टायरच्या बंडीचं चाक उंचीनं कमी, पण रुंद. म्हणजे उंची दिली आणि रुंदी घेतली. दोन्ही एकदम फुकटात मिळत नाही, हे बैलाच्या मालकाला न शिकवता कळत होतं, कारण ओझं त्याच्या बैलाच्या खांद्यावर येई.

मग आली जीप.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विलीज जीप हिंदुस्थानात आली. चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी छोटी गाडी. तिचा टायर होता ६.००-१६, म्हणजे सोळा इंचांच्या रिमवर सहा इंच रुंदीचा. आजच्या पोरांना तो स्कूटरचा वाटेल. तरीही ती चिखलातून निघायची, कारण ती हलकी होती आणि ताकद चार ठिकाणी वाटली जात होती. युद्धानंतर विलीजनं शेतकऱ्यासाठी नागरी जीप काढली तेव्हा काय बदललं, ते पाहण्यासारखं आहे. चाक मोठं केलं नाही, एक्सलमधलं दातांचं प्रमाण बदललं. लष्करी जीपमध्ये ते ४.८८ होतं, नागरी जीपमध्ये ५.३८ झालं. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडचा शाफ्ट जास्त वेळा फिरणार, वेग कमी होणार, ओढ वाढणार. नांगर ओढायचा तर हेच हवं होतं.

ही जीप भारतात जोडणाऱ्या कंपनीचं पहिलं नाव माझ्या वर्गात सांगितलं की दोन मिनिटं कोणी बोलत नाही. महिंद्रा अँड मोहम्मद. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा आणि जे. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापारासाठी ती काढली. गुलाम मोहम्मद अलीगढचे, हिशोबाचे पक्के. निजामाच्या हैदराबाद सरकारातही त्यांनी अर्थखात्याचं काम केलं होतं. त्या निजामाच्या किताबात १९३६ पासून ‘हैदराबाद आणि बेरार’ असं आपल्या वऱ्हाडचं नावही होतं, कारभार इंग्रजांकडे असला तरी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.

या गोष्टीवर लोक दोन टोकांनी भावुक होतात. मला त्यात दुसरंच दिसतं. गुलाम मोहम्मद गेले, पण जीप उघडून तिचा गिअरबॉक्स पोत्यावर मांडून बसणारे वऱ्हाडातले मिस्त्री कुठे गेले नाहीत. अकोला आणि अमरावतीच्या गॅरेजांत वेल्डिंग, रेडिएटर, टायर, कमान पाटे ही कामं पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांत आमच्या समाजातली माणसं भरपूर. त्यांची नावं कुठल्या गॅझेटियरात नाहीत. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, वस्ताद हा फारसी ‘उस्ताद’वरून. दोन्हींचा अर्थ शिकवणारा असाच. त्या हिशोबानं ते माझ्याच पेशातले.

या मिस्त्रींच्या हातून जीपची चाकं कित्येकदा बदलली. निवडणुकीच्या जीपा, ठेकेदारांच्या जीपा, आणि नंतर महिंद्राच्या लांब गाड्यांच्या काळीपिवळ्या. काळीपिवळीत मागचे पाटे वाढवले जात आणि जे टायर मिळतील ते चढत. तिथं मोठ्या चाकाचं कारण शौक नव्हतं, माणसं होती. खेड्यातल्या शाळेत जाणाऱ्या मास्तरांनी त्या गाड्यांच्या मागच्या फळकुटावर उभं राहून नोकऱ्या केल्या आहेत.

आता थारकडे. २०२० च्या थारला एका प्रकारात २४५/७५ आर १६ टायर येतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्केवारीत, तिसरा रिम इंचांत. गणित केलं की चाकाची पूर्ण उंची साधारण ७७४ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच. हौशी माणूस तिथं ३३ इंचांचं चाक लावतो, म्हणजे ८३८ मिलिमीटर. गाडीचा एक्सल त्यामुळे वर किती उचलला जातो? ६४ नव्हे, ३२ मिलिमीटर. कारण एक्सल मधोमध असतो, वाढीचा अर्धा भाग त्याच्या वर जातो. दोन बोटांच्या या उंचीसाठी बाकी गाडी काय देते ते बघा. चाक आता एका फेऱ्यात आठ टक्के जास्त अंतर कापतं, पण स्पीडोमीटरला ते माहीत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ८७ नं धावते. ओढ तेवढीच कमी होते, जणू विलीजनं ४.८८ चं ५.३८ केलं होतं त्याच्या नेमकं उलट. ब्रेकची डिस्क तीच राहते आणि तिला आता जास्त लांब दांड्याशी झगडावं लागतं. चाक बाहेर काढायला स्पेसर लावला तर बेअरिंगवरचा भार वाढतो. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासतो, म्हणून मग गाडीच उचलायची, मग शाफ्टचा कोन बिघडतो.

फोर-व्हील गाडीत आणखी एक पेच आहे. थारसारख्या गाडीत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चारही चाकांचा घेर सारखा नसेल, दोन नवे आणि दोन झिजलेले असतील, तर दोन्ही शाफ्ट एकमेकांना पिळत राहतात. गाऱ्यात चाक थोडं घसरून हा पीळ सोडून देतं. डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ ट्रान्सफर केसवर येतो. एक्सयूव्ही ५०० किंवा डस्टरच्या ऑल-व्हील प्रकारांत तर हे काम आपोआप जुळणाऱ्या क्लचकडे असतं, तो बिचारा न कळत तापत राहतो. म्हणून स्टेपनीसुद्धा त्याच मापाची लागते. हे पाचवं चाक हौशी माणूस हमखास विसरतो.

आमच्या ओळखीच्या एका बुजुर्ग मिस्त्रीचाचांकडे असंच एक पोरगं मोठी चाकं घेऊन आलं होतं. चाचांनी चाकांकडे पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, “बेटा, चक्का तो बडा कर दूँगा. ब्रेक कौन बडा करेगा?” पोरगं दुसऱ्या दुकानात गेलं.

कायदाही चाचांच्याच बाजूनं आहे, पण वेगळ्या सुरात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. केरळहून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मला हा कायदा योग्य वाटतो. फक्त त्यात एक दुखणं आहे. ‘नाही’ म्हणणारा चाचा आणि चायनीज स्पेसर ठोकून देणारा दुकानदार कायद्याच्या वहीत एकाच रांगेत, ‘मॉडिफिकेशनवाले’ म्हणून बसतात. ज्या हातांनी सत्तर वर्षं जुन्या जीपा जिवंत ठेवल्या, त्यांच्या कसबाला प्रमाणपत्र नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही.

आणि ही मोठी चाकं धावतात कुठे? जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर एकेरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. खोल खाचांचे टायर त्या डांबरावर गुणगुणत जातात. त्यातल्या कित्येक गाड्या फोर-व्हील नाहीतच; जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, आणि मोठं चाक लावलं की बाहेरून फरक कळत नाही.

त्याच महामार्गापासून दोन-तीन किलोमीटर आत, खारपाणपट्ट्यातल्या पांदणीवर जुलैत ट्रॅक्टर फसतो, टायरची बंडी फसते, आणि कपाशीच्या खताचं पोतं माणूस डोक्यावर घेऊन शेतात जातो.