गिरणीचा फंड आणि पाच वर्षांची अट

अमरावती-अकोल्याकडे 31 जुलै ही तारीख दोन दप्तरांत महत्त्वाची असते. तलाठ्याचं महसुली वर्ष त्या दिवशी संपतं. दुसऱ्या दिवशी, 1 ऑगस्टला, राज्यभर महसूल दिन पाळतात. आणि पगारदारांसाठी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची नेहमीची शेवटची तारीखही तीच. पण शेतकऱ्याला या दुसऱ्या दप्तराशी फारसं देणंघेणं नसतं, कारण शेतीचं उत्पन्न 1886 च्या कायद्यानेच प्राप्तिकरातून वगळलं होतं. त्याच्याकडे शेतसारा होता, पण म्हातारपणासाठी कापून ठेवलेला पैसा नव्हता.

तो पैसा वऱ्हाडात आला गिरण्यांमुळे. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल, मोहता मिल, अचलपूरची विदर्भ मिल. जिथे कापूस पिकतो तिथेच सूत काढणाऱ्या या गिरण्या. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये झाला तेव्हा तो सुरुवातीला फक्त सहा उद्योगांना लागू होता आणि कापडउद्योग त्यांतला एक. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर कामगाराचे सव्वासहा टक्के आणि मालकाचे तेवढेच. कामगार त्याला नुसतं ‘फंड’ म्हणत.

हा पैसा निवृत्तीपर्यंत अडकवून ठेवायचा, ही योजनेची मूळ कल्पना. पण कुलपाला किल्ल्याही ठेवाव्या लागल्या. घरासाठी, आजारपणासाठी, मुलांच्या लग्न-शिक्षणासाठी उचल मिळू लागली. त्यातलं 68-एच हे कलम मला सगळ्यांत बोलकं वाटतं. कारखाना पंधरा दिवसांहून अधिक बंद राहिला आणि कामगार भरपाईविना बेकार झाला, तर त्याला स्वतःच्या वाट्यातून परत न करण्याची उचल घेता येते. म्हातारपणाआधी गिरणीच आटोपू शकते, हे नियमाने मान्य केलं होतं.

वर उल्लेखलेल्या तिन्ही गिरण्या 1974 च्या आजारी कापडगिरण्यांच्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या यादीत आहेत. सरकारने ताब्यात घेऊनही त्यांचं दुखणं मिटलं नाही.

प्राप्तिकर कायद्यानेही हा फरक पाळला. सलग पाच वर्षं नोकरी होण्याआधी फंड काढला तर ती रक्कम करपात्र होते. मात्र तब्येतीमुळे, मालकाचा धंदा बंद पडल्यामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल, तर ही पाच वर्षांची अट लागत नाही. ज्याने स्वतः कुलूप उघडलं आणि ज्याची पेटीच फुटली, ते दोघे कायद्याच्या नजरेत वेगळे आहेत.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही अट निराळ्या वाटेने भेटते. आम्ही दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतो. दर वेळी फंड काढला, तर पाच वर्षं कधी भरतच नाहीत. जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वर्ग केली, की आधीची नोकरीही त्या पाच वर्षांत धरली जाते. मुदतीआधी काढलेली रक्कम 50 हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर कर आधीच कापला जातो. तेवढ्याने जबाबदारी संपत नाही, ती रक्कम त्या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवावीच लागते.

फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारने मालकाचा वाटा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत अडकवायचं ठरवलं. एप्रिलमध्ये बंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कामगार बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर 2025 मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने उचलीचे नियम सोपे केले, पण 25 टक्के रक्कम खात्यात राखायची आणि नोकरी गेल्यावर सगळी रक्कम मिळायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबायचं, असंही ठरवलं.

मुदतीआधी फंड काढणाऱ्याला आपण सहज उधळ्या म्हणतो. काही असतीलही. पण या नियमांचा इतिहास वाचताना मला बंद फाटकासमोर उभा राहिलेला अकोल्याचा कामगार आठवतो. त्याच्यासाठी साठीतल्या भाकरीआधी त्या महिन्याचा किराणा होता. कुलूप किती पक्कं असावं हे ठरवताना त्याला विसरून चालणार नाही.