धूर, वाफ आणि शेजारी : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्या शेजाऱ्याचा जीविताचा हक्क हा त्या निर्णयाचा आधार होता. २००३ चा कायदा व २००८ चे नियम यांमुळे मांडव्याच्या लाँचमध्ये वा अलिबागच्या एसटी स्थानकात विडी ओढणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. सहप्रवाशाच्या हरकतीस बळ मिळाले. तथापि, या कायद्यातील धूम्रपान तंबाखूचे आहे. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याने विक्री व साठवणुकीस तुरुंगवास ठरविला. सेवनास मात्र स्वतंत्र शिक्षा ठेवली नाही. परिणामी, पोलिसांचा मार्ग विक्रेत्यापर्यंत स्पष्ट, वाफ सोडणाऱ्यापुढे संदिग्ध ठरतो. ज्या शेजाऱ्यासाठी २००१ चा निर्णय झाला, त्याच्या हरकतीस २०१९ च्या कायद्यात स्थान उरलेले नाही.