गेटाच्या आतली चूक

लोखंडावर उठवलेला आकडा पुसता येत नाही, फक्त घासता येतो. आणि घासला की तिथं खळगा पडतो. डोळ्यांना नाही दिसला तरी अंगठ्याला कळतो. चिंचवडच्या एका टूलरूममध्ये मी हेच बघत आलो. नंबर पंचच्या संचात नऊच तुकडे येतात, शून्य ते आठ. नऊचं काम सहा उलटा होऊन करतो. नवीन पोरगं हाताशी असलं की सहा आणि नऊचा घोळ ठरलेला, आणि घोळ झाला की जॉब लाल रंगाच्या पेटीत.

म्हणून चुकीचा ठसा असलेल्या जुन्या रिव्हॉल्वरला अमेरिकेत जास्त भाव येतो हे ऐकलं तेव्हा मला ते श्रीमंतांचं खूळ वाटलं. रिजेक्ट मालाला कुणी पैसे मोजतं का? पुढे मुलीमुळे कनेक्टिकटला जाणं होऊ लागलं. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये रिव्हॉल्वर बनवणाऱ्या सॅम्युएल कोल्टचा स्वतःचा संग्रह आहे, त्याच्या बायकोनं मृत्युपत्रानं दिलेला. राज्याच्या संग्रहालयात त्याच्या कारखान्याचा संग्रह आहे. नातवंडं कंटाळून बाहेर आइस्क्रीम खायला जायची आणि मी काचेला नाक लावून ठसे वाचत बसायचो.

कोल्टकडे ठसे दोन तऱ्हांनी उठत. नंबर हातानं, एकेक पंच हातोडीनं ठोकून. नळीवरचा पत्ता आणि सिलिंडरवरचं चित्र मात्र रोल डायनं, म्हणजे कडक पोलादी डायखाली माल दाबून फिरवायचा. ही चित्रं वॉटरमन ऑर्म्सबी या नोटांचं खोदकाम करणाऱ्यानं कोरली. १८४७च्या ‘वॉकर’वर टेक्सास रेंजर आणि कोमांचे यांची झुंज आहे, १८५१च्या ‘नेव्ही’वर समुद्रावरची लढाई, खाली १६ मे १८४३ ही तारीख. नोटा कोरणाऱ्याला गाठण्यात कोल्टची हुशारी होती. असं बारीक काम नकलाकाराला सहज जमणार नाही, हा त्यामागचा हिशोब. पण डायखाली सिलिंडर जरासं घसरलं की घोडे दुहेरी उमटतात, दाब कमी पडला की अर्धी लढाई गायब. अशा चुका मी पत्र्यावर पुष्कळ पाहिल्यात. बाजारात त्यांना गंमत म्हणून थोडा भाव मिळतो, आणि माझ्या मते तो थोडाच असावा. घसरलेली डाय एवढंच सांगते की त्या दिवशी मशीनवरच्या माणसाचं लक्ष नव्हतं.

काही ठसे धड उमटलेत, पण माणसांना चकवतात. रेमिंग्टनच्या यादवी युद्धातल्या रिव्हॉल्वरच्या नळीवर १४ सप्टेंबर १८५८ अशी तारीख आहे. ती फोर्डाइस बील्सच्या पेटंटची. हत्यार बाजारात आलं युद्ध सुरू झाल्यावर. तरी आजही अर्धं जग त्याला ‘रेमिंग्टन १८५८’च म्हणतं, विकणारेसुद्धा.

त्याहून मजेशीर ठसा कोर्टानं उठवायला लावलेला. सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरायचं, या युक्तीचं पेटंट रॉलिन व्हाइटनं ३ एप्रिल १८५५ला घेतलं. स्मिथ अँड वेसननं दर रिव्हॉल्वरमागे पंचवीस सेंट देऊन तो हक्क घेतला आणि नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचण्याचं काम व्हाइटच्या गळ्यात घातलं. वुस्टरचा ल्युशियस पाँड, ब्रुकलिनचा मूर यांच्यासारखे कारखानदार हरले. मग त्यांच्या तयार मालावर ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेलं’ असं छापावं लागलं. कुठल्याही स्मिथ-वेसन कामगाराचा हात न लागलेल्या हत्यारावर स्मिथ-वेसनचं नाव! व्हाइटची बरीचशी कमाई मात्र खटल्यांच्या खर्चातच गेली. संसदेनं त्याच्यासाठी सवलतीचं विधेयक मंजूर केलं, ते राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७०मध्ये नाकारलं. माझ्याकडे पैसे असते तर मी पाँडचंच एखादं घेतलं असतं. चित्र नाही, नक्षी नाही, पण हरलेल्या माणसाची सही आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: ठसा कारखान्याच्या गेटाच्या आत उठलाय. गेटाबाहेरची चूक निराळी. पेशावर आणि कोहाटच्या मधल्या दर्रा आदम खेल गावात पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश हत्यारांच्या हुबेहूब नकला बनतात. कारागीर हातानं अप्रतिम काम करतात. ठसा मात्र वाचता न येणाऱ्यानं चित्र काढावं तसा उतरवलेला असतो. इंग्रजी एन आरशातल्यासारखा उलटा, ‘वेब्ली’च्या नावात भलतीच अक्षरं, व्हिक्टोरिया राणीचा मुकुट आणि खाली साल तिच्या मरणानंतरचं. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी असल्या चिजा आठवण म्हणून नेल्या. भिंतीवर लावायला उत्तम, संग्रहात किंमत नगण्य.

आपल्याकडे तर हा शौकच अवघड. १९५९च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम हत्यारावरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, बदलणं, खोटी उठवणं हा गुन्हा ठरवतं. आणि ते बरंच आहे. भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल इंदूरजवळच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं काळ्या रंगाखाली पडून होतं. रंग खरवडल्यावर १६८८९६ हा नंबर दिसला, जुन्या कागदांतल्या नंबराशी जुळला, तेव्हा ते कुणाचं हे कळलं.

नंबर आणि कागद जुळले की काय होतं ते बोनॅम्सच्या २०२१च्या लिलावात दिसलं. शेरीफ पॅट गॅरेटनं कुप्रसिद्ध गुन्हेगार बिली द किडला ज्या कोल्टनं मारलं, त्याला साठ लाख डॉलरहून जास्त मिळाले. हत्यार म्हणून त्यात काही विशेष नाही. कागद नसला तर ठसा एकटा पडतो, आणि एकटा ठसा कुणीही उठवू शकतो. कोल्टची मोठी अडचण हीच. फेब्रुवारी १८६४च्या आगीत हार्टफर्डचा जुना कारखाना जळाला, सोबत दप्तराचा बराच भाग गेला. नंतरच्या नोंदी आहेत, त्यांवरून कंपनी पैसे घेऊन पत्र देते: अमुक नंबर, अमुक तारखेला, अमुक दुकानदाराला.

आता ज्या हत्यारानं माझं मत बदललं त्याकडे येतो. १८७३ ते १८९१ या काळात अमेरिकन सैन्यानं कोल्टकडून सुमारे ३७ हजार ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ घेतली. पंचेचाळीसचं काडतूस, साडेसात इंची नळी, घोडदळासाठी. नंबर एका जागी नाही; फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर, मुठीच्या पट्टीवर, नळीवर, सिलिंडरवर, सगळीकडे तोच. फ्रेमवर ‘यू. एस.’ आणि सरकारी तपासनिसाची आद्याक्षरं. एन्सवर्थ नावाच्या तपासनिसानं पास केलेली हत्यारं १८७६ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या माणसांच्या कमरेला होती, म्हणून त्याच्या अक्षरांना वेगळाच भाव. नेटलटननं थोडीच तपासली, म्हणून त्यालाही.

१८९२पासून सैन्यानं अडतीसची नवी रिव्हॉल्वर घेतली आणि जुनी कोठारात टाकली. काही वर्षांत ती पुन्हा बाहेर काढावी लागली. नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या, सगळं सुटं केलं, साफ केलं, आणि जो भाग हाताला लागला तो बसवला. फ्रेम एकीची, सिलिंडर दुसरीचं, नळी तिसरीची. नंबर कुणी बघितले नाहीत. बघायची गरज नव्हती, कारण कुठलाही भाग कुठल्याही फ्रेममध्ये बसावा हाच कोल्टचा पहिल्यापासूनचा दावा. प्रॅट आणि व्हिटनी, ज्यांच्या नावाची यंत्रं आमच्या पिढीतला प्रत्येक फिटर ओळखतो, ते दोघं याच कारखान्यात काम करून बाहेर पडले. न जुळणारे नंबर म्हणजे तो दावा खरा ठरल्याची पावती. थोडी कानस फिरवावी लागली असेल, ती लागतेच.

शौकीन अशा नळी कापलेल्या हत्याराला ‘आर्टिलरी’ म्हणतात. सुरुवातीच्या थोड्या तुकड्या सोडल्या, तर अस्सल आर्टिलरीचे नंबर जुळत नाहीत, आणि सगळेच जुळले तर जाणकार आधी भिंग काढतो. बाकी हत्यारांच्या बाबतीत न जुळणं हा दोष. इथं तोच दाखला.

पण लांब नळीच्या घोडदळी कोल्टला पैसे जास्त. त्यामुळे मधल्या काळात काही मालकांनी आर्टिलरीला नवी साडेसात इंची नळी बसवली, सिलिंडरवरचा ‘चुकीचा’ आकडा घासून फ्रेमचा उठवला आणि पाच ठिकाणी एकच नंबर करून विकायला काढलं. असं एक मी अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात हातात घेतलं होतं. विकणारा सारखा सांगत होता, सगळे नंबर जुळतात. मी सिलिंडरवर अंगठा फिरवला आणि ते परत टेबलावर ठेवलं.