काडुमल्लेश्वराचा शेजारी

बंगळूरच्या मल्लेश्वरम या वस्तीला नाव मिळाले ते तेथील काडुमल्लेश्वरावरून. कानडीत ‘काडु’ म्हणजे रान. या रानातल्या शिवाचे मंदिर शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी बांधले असे मानतात. त्यांनी देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख १६६९ सालचा आहे. तेव्हा मराठी श्रोत्याला हे स्थळ अगदीच परके नव्हे.

ते रान केव्हाच गेले. पण रानाचा एक जुना रहिवासी शहराच्या या भागात अजून टिकून आहे. त्याचे नाव लोरिस. मराठीत त्याला लाजवंती म्हणतात, कानडीत काडुपापा. या नावात मराठी कानाला पातक ऐकू येईल, परंतु येथे ‘पाप’ म्हणजे तान्हे मूल. रानातले तान्हुले! वीतभर देह, पाव किलोच्या आसपास वजन, काड्यांसारखे हातपाय, शेपूट नाही, आणि चेहरा व्यापून उरणारे दोन वाटोळे डोळे. हा प्राणी माकडांचा दूरचा आप्त. दिवसा तो फांद्यांच्या जाळीत अंगाचा गोळा करून झोपतो. रात्री मुंग्या, किडे, पाली टिपतो, झाडांचा डिंकही चाटतो. मादीला बहुधा एक किंवा दोन पिले होतात. ती थोडी मोठी झाली की त्यांना फांदीला बिलगवून आई भक्ष्य शोधावयास जाते.

लिनीयसने १७५८ साली सिंहलद्वीपातील लोरिसला ‘मंद चालीचा’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याकडील करड्या जातीचे वर्णन काब्रेरा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९०८ साली केले. मंदपणाचा आरोप मात्र पुरता खरा नाही. किडा दिसला की याचा हात विजेसारखा जातो. त्याची अडचण निराळीच आहे. तो माकडासारखी उडी घेत नाही. एका हाताने पुढची फांदी धरल्यावाचून मागची सोडत नाही. झाडाला झाड लागलेले हवे; मधले एक झाड पडले की त्याचा रस्ताच तुटतो. मग जमिनीवर उतरावे तर कुत्री, आणि तारांवरून जावे तर वीज.

१८९८ च्या प्लेगनंतर मल्लेश्वरमची वस्ती वाढली, तीही बागा आणि वृक्षांच्या सावलीत. शेजारी १९०९ साली टाटांची विज्ञानसंस्था उभी राहिली. तिची जमीन तेव्हा खुरट्या झुडपांची होती. आजची दाट झाडी बहुतांशी पुढे लावलेली. माणसाने लावलेल्या या झाडीतच काडुपापाने आसरा घेतला आहे. २०१४ पासून शहरातील हौशी नागरिक अभ्यासकांसह रात्री लाल दिवे घेऊन त्याचा शोध घेऊ लागले. लाल उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. जादूटोण्याच्या आणि औषधाच्या समजुतींपायी याच डोळ्यांसाठी त्याचे बळी गेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले. तामिळनाडूने २०२२ साली कडवूर येथे खास त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर केले. मल्लेश्वरमच्या बाजूला मात्र त्याची भिस्त संस्थेच्या आवारातील झाडांवर आणि जुन्या बंगल्यांच्या परसातील आंब्याफणसांवर आहे.