कलाशाळेची भिंत आणि देवळाची भिंत

बेळगावाहून खानापूरकडे जाणारा रस्ता पिरनवाडीवरून पुढे गोव्याच्या वाटेला लागतो. १९५६ पर्यंत बेळगावचा हा मुलूख मुंबईच्या अमलाखाली होता. त्यामुळे येथील शाळांतून होणाऱ्या चित्रकलेच्या परीक्षांना मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचेच वळण होते. घाट उतरून समुद्राकडे गेले म्हणजे मात्र एक निराळीच चित्रविद्या भेटते. गोमंतकातील आणि कारवार-अंकोल्याकडील देवळांच्या भिंतींवर रेखलेली कावी ती हीच. ह्या दोन विद्या एकमेकींना अपरिचित कशा राहिल्या, हे पाहण्याजोगे आहे.

जमशेटजींनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. देशी कारागिरीस नवे शिक्षण द्यावे, हा तिचा मूळ हेतू. १८६५ च्या सुमारास विलायतेहून तीन शिक्षक आले. ग्रिफिथ्स यांच्याकडे सजावटीची चित्रकला, लॉकवुड किपलिंग यांच्याकडे शिल्पकाम आणि हिगिन्स यांच्याकडे लोखंडाचे नक्षीकाम सोपविण्यात आले. पुढे १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. हे काम १८८५ पर्यंत चालले. ग्रीक पुतळ्यांवरून हात बसविणाऱ्या शाळेची दृष्टी अशा रीतीने प्रथम आपल्या भिंतींकडे वळली.

ह्याच शाळेत विद्यार्थी असता गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडविला. पूजेस निघालेली आपल्या घरची स्त्री प्रदर्शनात उभी राहिली आणि रसिकांनी तिला मान दिला. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून आले ते अध्यापक होऊन १९३१ मध्येच निवृत्त झाले. गोमंतकाचे आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद यांनीही तेथे दीर्घकाळ शिकविले. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन मुख्य झाले. त्यांनी जिवंत माणसावरून चित्र काढण्याचा वर्ग आणि पाठोपाठ भित्तिचित्रणाचा वर्ग चालू केला. वेंब्ली येथील १९२४ च्या प्रदर्शनासाठी शाळेने एक आखी दालन रंगविले. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंतीही तिच्या विद्यार्थ्यांनी सजविल्या.

आता कावी पाहा. काव म्हणजे तांबडी माती. हा शब्द मराठीचा तसाच कोंकणीचाही. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा पातळ थर द्यावयाचा, आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करावयाचा. चूक झाली तर पुसण्याची सोय नाही. वेली, कमळे, वर्तुळांच्या जाळ्या, रामायणातील प्रसंग, सारे ह्या दोनच रंगांत. चुन्याशी एकजीव झालेले हे काम पावसाळी हवेतही टिकत असे.

हीही भित्तिचित्रणाचीच शाळा होती. परंतु तिला परीक्षा नव्हती, प्रदर्शन नव्हते, शिक्षकाचे नाव पटावर नव्हते. विद्या गवंड्याच्या हातातून पुढच्या हातात जाई. ज्याचे नाव कोठे नोंदलेले नाही, ते गेल्याची नोंदही कोणी करीत नाही. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक भिंतींवर तैलरंग चढला, कित्येक भिंती सिमेंटसाठी पाडल्या गेल्या. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून ही चित्रे टिपली, तेव्हा पुष्कळ चित्रे नाहीशी झालेली होती.

अजिंठ्याचे मोल ग्रिफिथ्स यांस कळले, कारण त्यांनी विद्यार्थ्यांना तेथे नेऊन बसविले. तेवढेच आपल्या देवस्थानांसही करता येण्यासारखे आहे. जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी जवळच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बोलवावे, भिंतींची छायाचित्रे व रेखाटने करून घ्यावी, आणि एखादा जुना गवंडी हयात असेल तर त्याच्या हाताखाली त्यांना बसवावे. देवाची सेवा म्हणून ज्यांनी ह्या भिंती सजविल्या, त्यांची ती सेवा आपल्याच हातून पुसली जाऊ नये.