‘एस’ इंद्रलाल रॉय
७. एस : शत्रूची पाच किंवा अधिक विमाने पाडणारा लढाऊ वैमानिक. येथे उल्लेख आहे तो इंद्रलाल रॉय (१८९८–१९१८) यांचा. जन्म कोलकात्याचा, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. १९१७ मध्ये ते ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. पुढच्या वर्षी, ६ ते १९ जुलै या अवघ्या चौदा दिवसांत त्यांच्या नावावर १० हवाई विजय नोंदले गेले; काही सहकाऱ्यांसोबतचे. २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधील हवाई चकमकीत ते कामी आले. वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाला. हा सन्मान लाभलेले ते पहिले भारतीय. जन्मशताब्दीनिमित्त १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. — संपा.