‘दुधाचीच दाढ आहे, पडेल!’

गेल्या गणपतीत घरी गेले होते. गौरी जेवल्या त्या रात्री दीडच्या सुमाराला माझी साडेपाच वर्षांची भाची रडत उठली. उजवा गाल हाताने दाबून धरलेला, कोणाला हात लावू देईना. दादाने मोबाइलच्या उजेडात तोंड बघितलं: खालच्या दाढेत काळा खड्डा. आईने लवंग आणली, वहिनीने मीठ-पाण्याच्या गुळण्या करून घेतल्या, आणि घरातलं कोणीतरी ते ठरलेलं वाक्य बोललंच, “दुधाचीच दाढ आहे, पडेल आपोआप.”

सकाळी तालुक्याच्या गावी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. “एवढ्या लहान मुलांचं आम्ही करत नाही, शहरात न्या,” असं सांगून त्यांनी दुखणं कमी होण्याचं औषध लिहून दिलं. शहरातल्या लहान मुलांच्या दंतवैद्याची वेळ मिळाली नऊ दिवसांनंतरची. चौथ्या दिवशी दुखणं थांबलं आणि वहिनी म्हणाली, “आता कशाला जायचं एवढ्या लांब?”

गंमत बघा (खरं तर गंमत नाहीच). मी पीएचडी करतेय ती दात भरायच्या सिमेंटवर. आमच्या प्रयोगशाळेत त्या पावडरीच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्यात. आणि त्या रात्री माझा काडीचाही उपयोग झाला नाही. परत आल्यावर मी सिमेंटचं रसायनशास्त्र बाजूला ठेवून त्याचा इतिहास वाचायला घेतला. प्रश्न साधा होता: मुलाचा दात दुखतो आणि त्यावर उपचार होतो, या दोन्हींच्या मध्ये एवढं अंतर का पडतं? आणि ते कमी करायचा प्रयत्न कोणी केलाय का?

केलाय. शंभरेक वर्षांपासून चालू आहे. आज तेच सांगते. पण आधी त्या ‘पडेल आपोआप’चा हिशेब करू.

पुढचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात, हे आपण सगळे पाहतो. दुधाच्या दाढा मात्र साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात. म्हणजे साडेपाच वर्षांच्या मुलीला ती दाढ अजून चार-सहा वर्षं वापरायची असते. शिवाय दुधाच्या दातावरचं कवच पातळ असतं आणि आतला नसांचा गाभा दाताच्या मानाने मोठा. त्यामुळे कीड आत पोचायला वेळ लागत नाही. गाभ्याला सूज आली की रात्री ठणका लागतो.

आणि ठणका अचानक थांबला तर? दात बरा झाला असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा झालेलं असतं उलटंच: आतली नस मेलेली असते, म्हणून कळ येत नाही. जंतू आपलं काम चालूच ठेवतात, आणि काही दिवसांनी हिरडीवर पुळी दिसते. वहिनीला मी फोनवर हेच सांगितलं. ठरलेल्या दिवशी ते शहरात गेले तेव्हा पुळी आलेली होती.

आता इतिहासाकडे येऊ.

मुलं दवाखान्यात येत नाहीत तर दवाखाना शाळेपाशी न्यावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. १९०२ मध्ये स्ट्रासबुर्ग शहरात (तेव्हा ते जर्मनीत होतं) एर्न्स्ट येसेन या दंतवैद्याने शाळकरी मुलांसाठी दंत चिकित्सालय सुरू केलं. तसे दवाखाने मग युरोपात इतरत्रही निघाले. पण एका शहरात एक दवाखाना काढणं वेगळं आणि देशातल्या आडगावच्या शाळेपर्यंत पोचणं वेगळं. ते धाडस केलं न्यूझीलंडने.

निमित्त झालं पहिल्या महायुद्धाचं. सैन्यात भरती व्हायला आलेल्या तरुणांचे दात इतके किडलेले होते, की १९१५ मध्ये सैन्यासाठी स्वतंत्र दंतपथक उभारावं लागलं. त्याचे प्रमुख होते टॉमस हंटर. विशीतल्या तरुणांचे दात उपटत बसण्यापेक्षा ते पाच-सहा वर्षांचे असतानाच गाठले पाहिजेत, हे तिथे उघड दिसत होतं. युद्धानंतर हंटर सरकारी आरोग्य खात्यात आले. अडचण एकच: एवढे दंतवैद्य आणायचे कुठून?

हंटर यांनी त्यावर काढलेला तोडगा त्या काळी बऱ्याच जणांना पचला नसणार. दंतवैद्य पुरेसे नाहीत ना, मग मुलांच्या दातांपुरतं काम शिकलेलं वेगळं माणूस तयार करायचं. एप्रिल १९२१ मध्ये वेलिंग्टनला तरुण मुलींची पहिली तुकडी शिकायला बसली. दोन वर्षांचं शिक्षण: तपासणी, साधे दात भरणं, दुधाचे दात काढणं, आणि आपल्या हाताबाहेरचं काय ते ओळखून दंतवैद्याकडे पाठवणं. १९२३ मध्ये या मुली शालेय दंत परिचारिका म्हणून बाहेर पडल्या. शाळेच्या आवारात एक खोली, एक खुर्ची, आणि आपल्याकडच्या शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं ड्रिल. विजेची गरज नाही. शाळेतल्या मुलाची पाळी दर सहा महिन्यांनी यायची, दुखो वा न दुखो.

शेवटचे तीन शब्द परत वाचा. आपल्याकडे डॉक्टरकडे जाण्याची सुरुवात दुखण्यापासून होते. तिथे तारखेपासून व्हायची. मुलाने रात्री रडून उठायची आणि आईबापांनी कामावर खाडा करून एसटी पकडायची गरज असू नये, हा त्या रचनेचा गाभा होता. पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली. १९४९ मध्ये मलायातल्या पेनांगला असंच प्रशिक्षण सुरू झालं.

सगळं गोडगोड होतं असं नाही. न्यूझीलंडच्या मुलांनी त्या खोलीला नाव ठेवलं होतं ‘खुनाचं घर’. तिथल्या आजच्या आजी-आजोबांना पायाने चालणाऱ्या त्या संथ ड्रिलची घरघर अजून आठवते. आज आपण नुसतं लक्ष ठेवून सोडून देऊ असे पुष्कळ दात तेव्हा कोरून भरले गेले. आणि या कामासाठी कित्येक दशकं फक्त बायकाच घेतल्या, त्यामागे ‘बायकांना मुलं सांभाळता येतात’ या समजुतीबरोबर ‘बायका कमी पगारात मिळतात’ हा हिशेबही होता. १९७४ मध्ये याच परिचारिकांनी पगारासाठी संसदेवर मोर्चा नेला. म्हणजे मुलांसाठीचं अंतर कमी झालं, पण त्याची किंमत कोणीतरी मोजत होतं. हे विसरून चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे शंभर वर्षांपूर्वीचं. आता शहरात पावलोपावली दाताचे दवाखाने आहेत. मग २००७ ची ही घटना बघा.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनला लागून, एका बारा वर्षांच्या मुलाच्या दातात पू झाला. घरची गरिबी. गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा घेणारा दंतवैद्य मिळणं अवघड, आणि तोही विमा मध्येच खंडित झालेला. आई त्याआधी त्याच्या धाकट्या भावाच्या दुखऱ्या दातांसाठी डॉक्टर शोधत वणवण करत होती. मोठ्याच्या दातातले जंतू मेंदूपर्यंत पोचले. मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, काही आठवडे रुग्णालयात काढले, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो मुलगा गेला. वेळेत दात काढला असता तर खर्च सुमारे ऐंशी डॉलर आला असता. रुग्णालयाचं बिल अडीच लाख डॉलरच्या घरात गेलं. या मृत्यूने तिथे खळबळ माजली, आणि २००९ मध्ये मुलांच्या सरकारी विमा योजनेत दातांचे उपचार सक्तीचे झाले.

घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. असं फार क्वचित होतं. पण या घटनेत दंतवैद्यांचा दुष्काळ नव्हता. दवाखाने होते, फक्त त्या आईसाठी उघडे नव्हते. अंतर नेहमी किलोमीटरमध्येच असतं असं नाही. ते पैशात असतं, कागदपत्रांत असतं, ‘नऊ दिवसांनंतरची वेळ’ यातही असतं.

हे अंतर कमी करायचा दुसरा रस्ता आहे तो माझ्या विषयातून जातो. पहिला रस्ता, शिकलेला माणूस मुलापर्यंत न्यायचा. दुसरा, उपचारच इतका सोपा करायचा की जवळ असेल त्या शिकलेल्या माणसाला करता यावा.

१९७२ मध्ये लंडनच्या सरकारी रासायनिक प्रयोगशाळेतल्या ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी एका नव्या सिमेंटची माहिती प्रसिद्ध केली: ग्लास आयोनोमर. एका बाजूला फ्लोराइड असलेल्या खास काचेची बारीक पूड, दुसऱ्या बाजूला पॉलिॲक्रिलिक आम्लाचं द्रावण. दोन्ही कालवली की आम्ल काचेतून कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचे आयन ओढून घेतं, हे आयन आम्लाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात, आणि काही मिनिटांत लगदा घट्ट होतो. हेच आम्ल दातातल्या कॅल्शियमलाही धरतं, म्हणून सिमेंट दाताला आपणहून चिकटतं. वर थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. वीज नको, खास दिवा नको.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात काम करणाऱ्या यो फ्रेंकन या डच दंतवैद्याने वेगळाच प्रयोग सुरू केला. ड्रिल चालवायला वीज नाही, तर फक्त हातातल्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडायची आणि खड्डा चिकटणाऱ्या सिमेंटने भरायचा. बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. पुढे या पद्धतीत ग्लास आयोनोमर वापरात आलं, आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत उचलून धरली. ड्रिल नाही म्हणून सुरू झालेल्या या पद्धतीचा एक फायदा असा, की मुलं घाबरत नाहीत. घाबरवते ती मुख्यतः घरघर आणि सुई.

याहून सोपी गोष्ट जपानमधून आली. ओसाका विद्यापीठात निशिनो आणि यामागा यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी चांदी आणि फ्लोराइडच्या एका द्रावणावर काम केलं: सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागी थेंबभर लावायचं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कडक करतं, कीड बहुतेकदा तिथेच थांबते. तोटा एक: ती जागा कायमची काळी पडते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे द्रावण आणि ग्लास आयोनोमर दोन्ही घातली.

पण एक मेख आहे. या दोन्ही गोष्टी कीड नसेपर्यंत पोचण्याआधीच्या आहेत. रात्री ठणका लागला की गाडी बहुतेकदा सुटलेली असते. म्हणजे औषध कितीही सोपं केलं तरी ते वेळेत लावणारा हात लागतोच. दोन्ही रस्ते एकमेकांना येऊन मिळतात ते इथे.

आपल्याकडे काय? आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक अशी तीन प्रकारची माणसं नोंदवली. न्यूझीलंडसारखी शाळेतली दंत परिचारिका त्यात नव्हती. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. त्यातली पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात, आणि तपासायच्या गोष्टींत दातही आहेत. म्हणजे तारखेवर चालणारी व्यवस्था कागदावर आपल्याकडेही आहे. पण पथक कीड बघतं आणि पुढे पाठवतं. ‘पुढे’ म्हणजे तालुका, जिल्हा, पुन्हा तीच एसटी, पुन्हा तोच खाडा. बघणारा हात आणि बरं करणारा हात एकाच खोलीत आणणं अजून बाकी आहे.

तोवर तुमच्या-माझ्या हातात काय आहे? पहिला दात आला की, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवून या. दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून द्या. ॲस्पिरिन मुलांना नको, आणि कुठलीही गोळी हिरडीवर ठेवू नका, भाजतं. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काही दिसलं तर ‘वेळ’ मिळायची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि दुखणं थांबलं म्हणून जाणं रद्द करू नका.

भाचीची दाढ काढावी लागली. मोठा दात येईपर्यंत जागा राहावी म्हणून तिथे तारेचं एक छोटं कडं बसवलंय, ते ती येईल-जाईल त्याला ‘आ’ करून दाखवते. परवा फोनवर विचारत होती, “आत्या, तू दातांचं सिमेंट करतेस ना? मग माझ्या दाढेला का नाही लावलंस?”

मी जे सिमेंट करते ते दुधाच्या दाढेत चावताना लवकर तुटू नये, एवढाच माझा प्रबंध. तो होईल पुढच्या वर्षी. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.